प्रमाणपत्राला मुदत हवी

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इंडोनेशियातून आलेल्या गोठवलेल्या कोळंबीत सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ सापडल्याचं जाहीर केलं. प्रमाण होतं किलोमागे सुमारे ६८ बेकरेल (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक). त्याच प्रशासनाच्या १२०० बेकरेलच्या मर्यादेपेक्षा ते खूपच कमी होतं, पण मुळात ते कोळंबीत असायलाच नको होतं. शोध घेत घेत तपास जकार्ताच्या पश्चिमेकडच्या चिकांडे औद्योगिक वसाहतीत, भंगार वितळवणाऱ्या एका कारखान्याशी येऊन थांबला. अशी बातमी आली की आपल्याकडे दोन बाजू लगेच उभ्या राहतात. एक म्हणते, किरणोत्सर्गी वस्तू अन्नाच्या आणि वस्तीच्या आसपास नकोतच, लासलगावचं विकिरण केंद्रसुद्धा बंद करा. दुसरी म्हणते, हे सगळे स्रोत आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तपासलेले असतात, विज्ञान न कळणाऱ्यांनी उगाच घबराट पसरवू नये. मला या दोन्ही बाजूंचं म्हणणं चुकीच्या जागी रेंगाळलेलं वाटतं. सीलबंद किरणोत्सर्गी स्रोत, म्हणजे धातूच्या कुपीत बंद केलेला किरणोत्सर्गी पदार्थ, तयार होताना त्याच्या ज्या चाचण्या होतात त्या कडक आहेत आणि त्यांच्यावर संशय घ्यायला मला कारण दिसत नाही. पण त्या चाचण्या स्रोताच्या जन्माच्या दिवसाबद्दल बोलतात. त्याचं पुढचं आयुष्य, आणि विशेषतः वापर थांबल्यानंतरची वर्षं, यांची हमी त्या देत नाहीत, देऊही शकत नाहीत. बरेच मोठे अपघात मात्र तिथेच झाले आहेत.

आधी लासलगावबद्दल, कारण हा गैरसमज लवकर मिटवता येतो. २००२पासून तिथे कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणं थांबवलं जातं, आणि २००७मध्ये हापूस अमेरिकेला जाऊ लागला तोही तिथूनच विकिरण करून. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा कांद्यातल्या किंवा आंब्यातल्या अणूंना किरणोत्सर्गी बनवण्याइतकी नसते. फळावर किरण पडतात. स्रोत स्टीलच्या आवरणात राहतो. इंडोनेशियात झालं ते याच्या अगदी उलट. तिथे किरणोत्सर्गी पदार्थच वातावरणात मिसळला. इंडोनेशियातल्या घटनेवरून लासलगावला विरोध करणं चूक आहे. पण तेवढं सांगून विषय संपला असं समजणंही चूकच, कारण मग दुसरा प्रश्न उरतो: आवरणात असायला हवं ते बाहेर आलंच कसं?

त्यासाठी आवरणाची परीक्षा कशी होते ते बघायला हवं. आपल्याकडचं कोबाल्ट मुख्यतः रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांमध्ये तयार होतं. निकेलचा मुलामा दिलेले कोबाल्टचे तुकडे स्टेनलेस स्टीलच्या एका कुपीत घालून ती वेल्डिंगने बंद करतात, मग ती कुपी दुसऱ्या कुपीत घालून तीही बंद करतात. ब्रिट, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, हे स्रोत रुग्णालयांना आणि उद्योगांना पुरवतं. कुपीचा दर्जा आयएसओ २९१९ या मानकात पाच आकड्यांनी सांगितला जातो: तापमान, बाहेरचा दाब, आघात, कंपन आणि टोचणं. औद्योगिक रेडिओग्राफीच्या, म्हणजे धातूच्या जोडांची किरणांनी तपासणी करण्याच्या, स्रोताला, तो यंत्राच्या संरक्षणाविना वापरायचा असेल तर, ४३५१५ हा दर्जा लागतो. पहिला ४ म्हणजे उणे ४० अंशांपासून ४०० अंश सेल्सियसपर्यंत तापवणं आणि ४०० वरून एकदम २० अंशांवर आणणं. मधला ५ म्हणजे पाच किलोचा घण एक मीटरवरून कुपीवर पाडणं. शेवटचा ५ म्हणजे ३०० ग्रॅमची टोकदार पिन तितक्याच उंचीवरून. आणि कंपनाच्या जागी १ आहे, त्याचा अर्थ चाचणी नाही. या चाचण्या नमुन्याच्या कुप्यांवर होतात. प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कुपीची गळती चाचणी होते, तिचा पृष्ठभाग बोळ्याने पुसून त्या बोळ्यावरची किरणोत्सर्गी सक्रियता मोजतात आणि ती ०.२ किलोबेकरेलच्या आत असेल तरच कुपी बाहेर पडते. आत लाखो कोटी बेकरेल आणि बाहेर २०० सुद्धा चालत नाहीत, इतका हा निकष काटेकोर आहे. जे लोक या चाचण्यांना कागदी म्हणतात त्यांनी एकदा हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आता अपघातांकडे वळू. ब्राझीलमधल्या गोयानियात एक खासगी रेडिओथेरपी संस्था १९८५च्या सुमारास दुसऱ्या जागेत गेली आणि सीझियमचं जुनं यंत्र मागेच राहिलं. जागेवरून कोर्टकज्जे चालू होते. १३ सप्टेंबर १९८७ला दोघांनी भंगार म्हणून त्याचा भाग काढून नेला, कुपी फोडली, आतलं निळसर चमकणारं क्षार भंगारवाल्याच्या घरात कौतुकाने हाताळलं गेलं. चार जणांचा मृत्यू झाला, २४९ जण दूषित झाले आणि एक लाख १२ हजारांहून अधिक लोकांना तपासावं लागलं. मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसमध्ये एका वैद्यकीय केंद्राने १९७७मध्ये वापरलेलं कोबाल्टचं यंत्र विकत घेतलं, ते कधी चालवलंच नाही, गोदामात ठेवलं. १९८३च्या अखेरीस ते भंगारात गेलं, वितळलं आणि बांधकामाच्या सळ्या झाल्या. हे लक्षात आलं तेही योगायोगाने: सळ्या नेणारा ट्रक लॉस आलामोसच्या प्रयोगशाळेच्या वाटेवर गेला आणि तिथला संवेदक वाजला. थायलंडच्या समुत प्राकानमध्ये २०००मध्ये रेडिओथेरपीच्या यंत्रांची जुनी डोकी गाड्यांच्या तळावर ठेवलेली होती. त्यातलं एक भंगारात गेलं, तीन माणसं गेली. आणि दिल्लीतलं मायापुरी आपल्या माहितीचं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कॅनडाहून आलेलं 'गॅमा सेल' हे कोबाल्टचं विकिरण उपकरण १९८५पासून वापरात नव्हतं, फेब्रुवारी २०१०मध्ये लिलावात गेलं, एप्रिलमध्ये भंगार बाजारात माणसं आजारी पडू लागली आणि एक कामगार दगावला.

या चार घटनांत कुठली गुणवत्ता चाचणी नापास झाली होती? एकही नाही. घण, पिन, ४०० अंश, सगळं त्या कुप्यांनी सोसलं असतं. त्यांना छिन्नीने, स्क्रू ड्रायव्हरने फोडलं, भट्टीत टाकलं. आणि चारही यंत्रांत एक गोष्ट समान आहे: त्यांचा वापर आधीच थांबलेला होता. स्रोत वापरात असतो तोवर त्याच्याकडे माणसं असतात. रुग्ण रांगेत असतात, तंत्रज्ञ रोज मात्रा मोजतो, विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याची सही लागते, यंत्र बंद पडलं तर आरडाओरड होते. वापर थांबला की यातलं एकेक गळत जातं. प्राध्यापक निवृत्त होतात, संस्थेचं नाव बदलतं, खोलीची किल्ली दुसऱ्याकडे जाते, आणि पंचवीस वर्षांनी यादीत "निरुपयोगी उपकरण, नग एक" एवढंच उरतं. ज्या क्षणी धोका वाढतो त्याच क्षणी आपली देखरेख कमी होते. माझा सगळा आक्षेप या एका उलटेपणाला आहे.

कोणी म्हणेल, सगळे दाखले चोरीचे आणि भंगाराचे दिलेत, कुपी आपसूक फुटल्याचं एक तरी सांगा. आहे, आणि ते अधिक बोलकं आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डिकेटर गावी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणाऱ्या एका केंद्रात सीझियम क्लोराइडच्या २५२ कुप्या होत्या. १९८८च्या जूनमध्ये तिथल्या साठवण टाकीचं पाणी दूषित असल्याचं उघड झालं. या कुप्या हॅनफर्डच्या सरकारी संकुलात, अणुकचऱ्यातून काढलेलं सीझियम पाण्याखाली शांतपणे ठेवण्यासाठी बनवल्या होत्या. डिकेटरला त्या वारंवार पाण्याबाहेर काढून हवेत आणल्या जात, पुन्हा पाण्यात सोडल्या जात. हवेत तापायचं, पाण्यात निवायचं, हे हजारो वेळा. हॅनफर्डच्या तपासणीत त्या नापास झाल्या नव्हत्या. त्यांना हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. सीझियम क्लोराइड मिठासारखं पाण्यात विरघळतं, म्हणून एका कुपीची गळतीही सगळ्या टाकीला पुरली. चाचणी ही नेहमी एका वापरापुरती असते. वापर बदलला, जागा बदलली, वय वाढलं, तर जुना निकाल आपोआप लागू राहत नाही. आयएसओचं मानकही आग, स्फोट आणि गंज यांचा विचार उत्पादकाने आणि वापरणाऱ्याने वेगळा करावा असंच सांगतं. पाच आकडे म्हणजे कायमचा अभयहस्त असं मानणारे आपले विज्ञाननिष्ठ मित्र मानकाच्याच पुढे धावतात.

या प्रश्नावर माणसाने एकदा नीट विचार केलेला आहे. एकोणिसाव्या शतकात वाफेचे बॉयलर फुटून माणसं मरत. १८६३मध्ये कोलकात्यात मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. १९२३मध्ये तो सगळ्या देशासाठी झाला. तेव्हाही "वाफ नकोच" म्हणणारे असतील आणि "उत्तम पत्रा वापरलाय" म्हणणारेही असतील. कायद्याने दोघांचंही ऐकलं नाही. बनवताना तपासणी झालीच पाहिजे आणि शिवाय वापराचं प्रमाणपत्र साधारण १२ महिन्यांचंच मिळेल, मग निरीक्षक पुन्हा येईल, असं त्याने ठरवलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवरही पुढच्या चाचणीची तिमाही आणि वर्ष अक्षर-आकड्यात लिहिलेलं असतं आणि ती तारीख उलटलेला सिलिंडर परत करायचा हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. साध्या गॅसला जी शिस्त लावली ती कोबाल्टला सैल का?

विरोधी बाजूचा पहिला मुद्दा प्रमाणाचा आहे आणि तो खरा आहे. जगभर असे स्रोत अगणित जागी कामात आहेत. कर्करोगाचे उपचार, पाइपलाइनच्या जोडांची तपासणी, कागद आणि सिमेंटच्या कारखान्यांतली मापकं, सलाइनच्या नळ्यांचं निर्जंतुकीकरण. मुंबईत ट्रॉम्बेचं आयसोमेड केंद्र १९७४पासून हेच करत आलं आहे. या उपकाराच्या तुलनेत अपघात फार थोडे. वर जुना स्रोत क्षीण होत जातो, कोबाल्टचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, जेमतेम सव्वापाच वर्षांचं. मग एवढी काळजी कशाला? मायापुरीचाच हिशेब करू. ते यंत्र १९७०च्या सुमाराचं. चाळीस वर्षांत साडेसात अर्धायुष्यं होतात, म्हणजे मूळ शक्तीच्या सुमारे १९० पटींनी कमी शक्ती उरली होती. तेवढीही एका माणसाचा जीव घ्यायला पुरली. सीझियमचं अर्धायुष्य तर ३० वर्षांचं आहे. एका पिढीने विसरलेला स्रोत दुसऱ्या पिढीला निम्म्या ताकदीने भेटतो. आणि अपघात थोडे आहेत म्हणून ते कोणाच्या वाट्याला येतात हे विसरायचं का? चारही शहरांत ते भंगार वेचणाऱ्यांच्या, हातांनी धातू सोलणाऱ्यांच्या वाट्याला आले. ज्यांना त्या किरणांचा कसलाही लाभ मिळालेला नव्हता, ज्यांना कुणी किरणोत्सर्गाच्या पिवळ्या-काळ्या तीन पाकळ्यांच्या खुणेचा अर्थ शिकवला नव्हता, त्यांनी किंमत मोजली. सरासरी काढून ही गोष्ट लहान होत नाही.

दुसरा मुद्दा असा की आता काळ बदलला. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३पासून आहे, २००४चे विकिरण संरक्षण नियम आहेत, स्रोताची खरेदी-हस्तांतर आता ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून जातं, परदेशातून आणलेला स्रोत परत घेण्याची हमी पुरवठादाराकडून आधीच घेतली जाते. हे सगळं मला मान्य आहे, आणि अणुशक्तीनगरातून या कामाचा गाडा ओढणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण २०१२मध्ये नियंत्रक व महालेखापालांनी याच मंडळाच्या कामाचं परीक्षण केलं तेव्हा, वापर संपलेल्या स्रोतांची खरोखर विल्हेवाट लागली की नाही हे पडताळायची धड यंत्रणा नाही, असं लिहून ठेवलं होतं. नेमकी तीच जागा. नोंद ऑनलाइन असणं आणि वस्तू जागेवर असणं यात फरक आहे. २००८मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट सापडलं. ती बटनं भारतीय पोलादाची होती आणि माग महाराष्ट्रातल्या ओतशाळेपर्यंत आला. कुठल्या तरी कोबाल्टच्या स्रोताची नोंद कुठल्या तरी देशाच्या कागदावर "सुरक्षित" अशीच असणार, तो भट्टीत पडत असताना. म्हणून मला वर्षातून एकदा प्रत्येक स्रोताजवळ सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं उपकरण, घेऊन गेलेला माणूस हवा आहे, त्याने मोजलेला आकडा हवा आहे. तो आकडा अर्धायुष्याच्या हिशेबाशी जुळला पाहिजे. हा हिशेब दहावीचा विद्यार्थी करू शकतो आणि त्यातून स्रोत तिथे आहे आणि तोच आहे, हे एकदम कळतं.

सगळ्यात जड मुद्दा तिसरा. जाच वाढवला तर लोक लपवतील. लहान धर्मादाय रुग्णालय, तालुक्याच्या ठिकाणचा कारखाना, अनुदानावर जगणारं महाविद्यालय. यांना जुना स्रोत परत पाठवायचा तर शिशाचं जड पात्र, खास वाहतूक, परवानग्या, हे सगळं स्वतःच्या खिशातून करावं लागतं. त्या खर्चाला भिऊनच यंत्र कोपऱ्यात पडून राहतं. म्हणजे अधिक नियम, अधिक अनाथ स्रोत. हे म्हणणारे लोक क्षेत्रातले आहेत आणि मानवी स्वभाव त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. पण यातून निघतं काय? खर्च चुकीच्या वेळी मागितला जातो, एवढंच. संस्था श्रीमंत आणि उत्साही असते ती खरेदीच्या दिवशी. तिच्याकडे पैसे आणि माणसं नसतात ती शेवटच्या दिवशी. मग शेवटच्या दिवसाचे पैसे पहिल्या दिवशी घ्यावेत. फ्रान्समध्ये सीलबंद स्रोताची वापराची मुदत साधारण दहा वर्षांची धरली आहे, ती वाढवायची तर नव्याने पटवून द्यावं लागतं, पुरवठादारावर स्रोत परत घेण्याचं बंधन आहे आणि तो बुडाला तर काय, यासाठी आर्थिक हमी आधीच ठेवलेली असते. वापरणारा दिवाळखोरीत गेला तरी स्रोत पुरवठादाराकडे परत जातो. आपल्याकडे परत घेण्याची हमी आहे, पण चाळीस वर्षांनी ती हमी देणारी कंपनी कुठे असेल? हमीमागे पैसा नसेल तर ती सदिच्छा ठरते. खरेदीच्या वेळी ठेव घ्या, स्रोत परत आला की उरलेली रक्कम व्याजासह द्या. आज जुना स्रोत कबूल करणारा माणूस खर्चात पडतो. या रीतीत त्याला पैसे मिळतील. आणि आधीच कोपऱ्यात पडलेले जुने स्रोत? ते सरकारने एकदा स्वखर्चाने, दंड न लावता, गोळा करावेत. मायापुरीची स्वच्छता करणं, माणसांवर उपचार करणं, हेही शेवटी सरकारी पैशातूनच झालं.

शिक्षेवर मात्र माझा फार भरवसा नाही. जानेवारी २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीतून पर्थकडे निघालेल्या १४०० किलोमीटरच्या प्रवासात आठ मिलिमीटर लांब, सहा मिलिमीटर जाड सीझियमची कुपी मापकाच्या बाहेर पडली. प्रवासातल्या हादऱ्यांनी बोल्ट सुटला होता. कुपी धड होती, तिला बसवलेलं यंत्र धड राहिलं नाही. त्या वेळच्या तिथल्या कायद्यात कमाल दंड होता १००० डॉलर, आणि त्याचीच चेष्टा झाली. पण दंड लाखाचा असता तर बोल्ट घट्ट राहिला असता का? पेटी निघताना आणि पोचताना दोन्ही वेळा, कुणी उघडून नव्हे, बाहेरून मीटर लावून आकडा लिहिला असता, तर कुपी नसल्याचं पेटी पोचल्याच्याच दिवशी कळलं असतं. प्रत्यक्षात ते २५ जानेवारीला, पेटी उघडल्यावर कळलं.

राहिला तो टोकाचा उपाय: स्रोतच नकोत, विजेवर चालणारी यंत्रं आणा. बटण बंद केलं की किरण बंद, भंगारात गेलं तरी भीती नाही. रक्त विकिरणासाठी फ्रान्स आणि नॉर्वे यांनी सीझियम सोडून क्ष-किरण यंत्रं घेतली, आणि जिथे हे जमतं तिथे ते करावंच असं माझंही मत आहे. पण लिनॅकला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या रेडिओथेरपीच्या यंत्राला, अखंड वीज, थंडावा, प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञ आणि महागडे सुटे भाग लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कोबाल्टचं यंत्र वर्षानुवर्षं चालतं म्हणून तिथल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार मिळतात. तिला मुंबईला जा म्हणणं ही सुरक्षितता नव्हे. इथे मधली वाटही आहे आणि ती आपल्याच मुंबईने दाखवली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुकचऱ्यातून वेगळं केलेलं सीझियम क्षाराच्या रूपात न ठेवता काचेत मुरवून त्याच्या पेन्सिली बनवल्या आणि रक्त विकिरणाच्या यंत्रांसाठी दिल्या. गोयानियात जे भुकटी होऊन हाताला लागलं आणि डिकेटरला जे पाण्यात विरघळलं, ते काचेतून तसं सुटत नाही. रेडियमचंही असंच झालं होतं. रेडियमच्या नळ्यांमध्ये रेडॉन आणि हेलियम वायू साठत, दाब वाढे, गळती होई. डॉक्टरांनी उपचार सोडले नाहीत, रेडियम सोडलं. पदार्थ बदलता येतो, आवरण बदलता येतं. पण काचेची पेन्सिलसुद्धा विसरली गेली तर भट्टीत वितळेल, म्हणून तिलाही मुदत, ठेव आणि वर्षाचा आकडा लागेलच.

गुप्ततेचा आक्षेप शेवटी येतो: स्रोत कुठे आहेत हे जाहीर केलं तर चोरांचं फावेल. बरोबर आहे, पत्ते जाहीर करू नयेत. पण संख्या जाहीर करायला काय हरकत आहे? राज्यात किती स्रोत वापरात आहेत, किती वापराबाहेर पडून आहेत, त्यांतले किती पाच वर्षांहून अधिक काळ तसेच आहेत, यंदा किती जागी माणूस मीटर घेऊन गेला आणि किती जागी जायचा राहिला. एवढे आकडे दर वर्षी एका पानावर छापले तर विधानसभेत प्रश्न विचारता येईल, जिल्ह्याच्या पत्रकाराला बातमी करता येईल. नव्या विकिरण केंद्राच्या जनसुनावणीला जाणाऱ्या गावकऱ्यांनीही "हे धोकादायक आहे का" असं विचारू नये, कारण त्याला ठरलेलं उत्तर मिळतं. स्रोताची शिफारस केलेली कामाची मुदत किती वर्षांची, ती संपल्यावर तो कुठे जाणार, त्याचे पैसे कोणत्या खात्यात आज जमा आहेत, टाकीतल्या पाण्याची आणि ते गाळणाऱ्या रेझिनची सक्रियता कोण आणि किती वेळा तपासतं, आणि कंपनी बंद पडली तर किल्ली कोणाकडे, हे विचारावं. ज्याच्याकडे ही उत्तरं लेखी आहेत त्याला केंद्र उभारू द्यावं. ज्याच्याकडे नाहीत, त्याने पाच आकड्यांचं प्रमाणपत्र कितीही चकचकीत चौकटीत लावलं तरी त्याला परवानगी मिळू नये.